कपाटावर उमललेला गुडघा

चित्रकलेच्या मिस तावाके यांनी मला भर वर्गात "उनाईसी, तुला नजर आहे" असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातल्या एकाही वस्तूला सुखाची झोप लागलेली नाही. आपल्याला नजर आहे हे पंधराव्या वर्षी कळलं, तर माणसानं ती ठेवावी कुठे? मी ती आधी पडद्यांवर टाकली. मग बाबांच्या ऑफिसच्या शर्टांवर, पण तिथून ती लगेच उचलावी लागली. शेवटी ती माझ्या खोलीतल्या फर्निचरवर जाऊन जी खिळली, ती खिळलीच.

माझ्या खोलीत एक पलंग, एक चार खणांचं ड्रॉवर आणि एक दोन दारांचं कपाट आहे. तिघांचाही रंग काळ्याच्या अलीकडचा आणि तपकिरीच्या बराच पलीकडचा. एखाद्या मयताला चर्चमधली तीन वडीलधारी माणसं काळे कोट घालून शेजारीशेजारी बसावीत, तसे ते तिघे बसलेले असतात. सकाळी डोळे उघडले की "पोरी, प्रार्थना केलीस का?" अशा चेहऱ्यानं बघतात. मला त्यांना मऊ करायचं होतं. फिकट सायीचा रंग, कडांना कोवळ्या पानाचा हिरवा, आणि दारांवर चाफ्याची पांढरी फुलं. एवढंच. साधी गोष्ट होती, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे.

पण आम्ही सुवा शहरात, सामाबुल्यात सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो, आणि सरकारी क्वार्टर्समध्ये साधी गोष्ट राहत नाही. शेजारचे तोमासी आजोबा बांधकाम खात्याच्या गोदामातून निवृत्त झालेत. ज्या वस्तूची पावती नाही ती वस्तू जगात नाही, असा त्यांचा धर्म आहे. त्यांनी माझ्या हातात सॅन्डपेपर पाहिला, आत आले, कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेला आकडा दाखवला.

"अकराशे सत्तेचाळीस," ते म्हणाले. "हे तुझं कपाट नाही. हे सरकारचं कपाट आहे, तू फक्त त्यात कपडे ठेवतेस."

"रंगच तर देतेय, आजोबा."

"सरकारला विचारलंस?"

म्हणून मी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच सरकारला विचारायला गेले. खिडकीतल्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "रंग म्हणजे दुरुस्ती की बदल?" त्यांनी विचारलं. दुरुस्तीला चार नंबरचा फॉर्म. बदलाला नऊ नंबरचा, आणि त्याला कपाटाचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूनं. मला क्षणभर वाटलं, कपाटाच्या बोटांचे ठसेही लागतील. मी म्हणाले की कपाट मोडलेलं नाही, म्हणजे दुरुस्ती नाही. आणि ते कपाटच राहणार आहे, म्हणजे बदलही नाही. बाई विचारात पडल्या. आतल्या साहेबांना विचारून आल्या. साहेबही विचारात पडले असावेत, कारण बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "बाळ, तू ते साफ करतेयस असं समज. साफसफाईला फॉर्म नाही."

अशा रीतीनं मी शासनाच्या संमतीनं माझं कपाट सायीच्या रंगानं साफ करायला सुरुवात केली.

पलीकडच्या कुंपणावरून सुभाषिणी आंटींनी सल्ल्याचा नळ सोडला. त्यांच्या मते आधी घासायचं, मग रॉकेलनं पुसायचं, मग पुन्हा घासायचं, मग चहा घ्यायचा. मी त्यातलं शेवटचं सगळ्यात नीट पाळलं. रंगाचा पहिला हात दिला तेव्हा मी घरभर नाचले. दुसऱ्या दिवशी बोट लावलं, तर ओला. तिसऱ्या दिवशी चिकट. सुव्यात हवाच अशी, की धुतलेला रुमाल वाळायच्या आत पुन्हा मळतो. तिथे रंगानं तरी घाई का करावी? माझा युनिफॉर्म पलंगाला चिकटला. आईचा झाडू ड्रॉवरला चिकटला. एक पाल ड्रॉवरच्या माथ्यावरून तिरकी चालत गेली, तिची पावलं सायीवर इतकी नाजूक उमटली की मी ती तशीच ठेवली. नजर असली की हे कळतं. नसती तर मी पुसली असती.

आता फुलं. मी पुठ्ठ्याची स्टेन्सिल कापली. पहिलं फूल छान आलं, दुसरं बरं, तिसऱ्यापर्यंत पुठ्ठा भिजून त्याचा पाव झाला आणि चौथं फूल नसून डबकं होतं. मी रडवेली होऊन व्हातुलेलेच्या मावशीला फोन लावला. आईकडच्या त्या बेटावर बायका झाडाच्या सालीचं कापड करतात, मासी, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या नक्षी छापतात. स्टेन्सिलच्या बाबतीत मावशीला विचारणं म्हणजे माशाला पोहण्याबद्दल विचारणं.

"पुठ्ठा?" मावशी म्हणाली, आणि फोनवर तिच्या आजूबाजूच्या चारपाच बायका हसल्या. "अगं, आजीच्या वेळी केळीचं पान कापायचे. आता आम्ही सगळ्या एक्सरेची फिल्म वापरतो. भिजत नाही, फाटत नाही, पुसली की पुन्हा नवी. माझं ते मोठं फूल आहे ना, ते आमच्या पाद्रीबाबांच्या फुप्फुसातून कापलंय."

मी आनंदानं इस्पितळात गेले. तिथे कळलं की आता सगळे फोटो कॉम्प्युटरवर असतात. जुनी फिल्म फक्त ज्याचं हाड त्यालाच मिळते, तीही अर्ज केल्यावर. मी निराश होऊन घरी आले, तर आई म्हणाली, "माझ्या घोट्याची घे की. बसमधून पडले होते तेव्हाची. कपाटावर तपकिरी पाकिटात आहे."

आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती म्हणजे मी यंदा जीवशास्त्र सोडून चित्रकला घेतली आहे. त्या वेळी सगळ्यांनी मला या निर्णयाच्या परिणामांबद्दल बजावलं होतं. परिणाम असे असतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पाकिटातून मी वरची फिल्म काढली. खिडकीशी धरली. हाडं होती. आईची हाडं मी कौतुकानं पाहिली, म्हटलं, किती सुंदर वळण आहे. एका कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरं होती. फिल्मच्या कंपनीचं नाव असणार म्हणून वाचली नाहीत. मग कटर घेतलं आणि बारा तुकडे केले. आठ तुकड्यांत चाफ्याची फुलं, तिनांत कळ्या, आणि अक्षरांच्या त्या कोपऱ्यात एक छोटंसं पान.

काय सांगू, कसं झालं ते. मऊ स्पंज, पांढरा रंग, टप टप टप, फिल्म उचलायची, आणि खाली फूल. प्रत्येक वेळी ते तिथे असायचंच, आणि प्रत्येक वेळी मला आश्चर्य वाटायचं. कपाटाच्या दोन्ही दारांवरून फुलं खाली उतरत गेली. काळ्या कोटातले ते तीन म्हातारे आता लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. सुभाषिणी आंटी बघायला आल्या, गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या देवघराच्या पाटासाठी एक फूल उसनं घेऊन गेल्या. तोमासी आजोबा आले, नाक मुरडलं, "रंग ओला आहे" म्हणाले, आणि आपल्या पत्रपेटीसाठी दोन कळ्या घेऊन गेले. त्यांची मला रीतसर पावतीही दिली: "कळ्या, फिल्मच्या, नग दोन."

मी इतकी खूश होते की शनिवार कधी आला ते कळलंच नाही.

शनिवारी बाबा घरभर शीळ घालत फिरत होते. येत्या आठवड्यात त्यांच्या शाळेचा मोठा उत्सव होता आणि त्यासाठी विलीकेसा काका ब्रिस्बेनहून आले होते. दुसऱ्या दिवशी चर्चनंतर ते आमच्याकडे जेवायला येणार होते.

विलीकेसा काका समजायचे तर बाबांचा गुडघा समजला पाहिजे. बाबा शाळेच्या रग्बी टीममध्ये विंगला होते. अंतिम सामना, सप्टेंबरचा तिसरा शनिवार, दुसरा हाफ, अठरा मिनिटं बाकी. समोरून डोंगरातल्या शाळेचा तो मुलगा येतोय, ज्याला सगळे फ्रिज म्हणायचे, आणि चेंडू बाबांच्या हातात. पुढे काय झालं यावर दोन मतं आहेत. बाबांचं मत असं की फ्रिजनं त्यांना उडवलं, गुडघ्याचं हाड चिरलं, आणि देशासाठी खेळण्याचं त्यांचं स्वप्न तिथंच गवतावर पडलं. काकांचं मत असं की फ्रिज अजून चार हात लांब होता, तेव्हाच बाबा गुडघा धरून खाली बसले. काका त्या टीमचे कप्तान होते. सामना दोन गुणांनी गेला.

दुसरं कुणी असतं तर बाबांनी संबंध तोडले असते. पण काकांचं गाव आणि आमचं गाव तौवू आहेत, दोन्हींचा मूळ पुरुष एकच. तौवूनं तुम्हाला वाट्टेल ते बोलायचं, तुमच्या घरातलं आवडेल ते उचलून न्यायचं, आणि तुम्ही रागवायचं नाही, फक्त संधीची वाट बघायची. सत्तावीस वर्षं काका दर नाताळला फोन करून एकच प्रश्न विचारतात, "काय रे, गुडघा मोडला होता की धीर?" आणि बाबा सत्तावीस वर्षं एकच उत्तर देतात, "ये घरी. एक्सरे दाखवतो."

तो एक्सरे घरी येणारा प्रत्येक पाहुणा बघतो. चहा झाला की बाबा पाकीट मागवतात, फिल्म उजव्या कोपऱ्यात अंगठ्यानं घट्ट पकडून दिव्यापुढे धरतात आणि ती चीर दाखवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ठसे पडतात म्हणे. मी ती हजारदा पाहिली आहे, पण नेहमी लांबून, चहाचा ट्रे हातात धरून.

"उना," बाबा म्हणाले, "ते पाकीट दे गं. उद्याच्यासाठी पुसून ठेवतो."

मी पाकीट दिलं. बाबांनी फिल्म काढली, उजव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, दिव्यापुढे धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा घोटा आहे," ते म्हणाले.

"माझा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग माझा गुडघा कुठाय?"

जगातल्या कुठल्याही मुलीवर या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ येऊ नये. वाकलेलं ते सुंदर वळण. आईची हाडं म्हणून मी कौतुक केलेली हाडं.

"कपाटावर," मी म्हणाले.

बाबांनी मान वर करून कपाटाच्या माथ्यावर पाहिलं.

"वर नाही, बाबा. दारांवर."

बाबा कपाटाजवळ गेले. एका फुलापाशी वाकले, मग दुसऱ्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, मावशी, पाद्रीबाबांचं फुप्फुस, जीवशास्त्र, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते पलंगावर बसले (युनिफॉर्मसारखेच चिकटले, पण त्यांचं लक्ष नव्हतं) आणि म्हणाले, "जाऊ दे."

"मी सगळे तुकडे गोळा करते. चिकटवते. उद्या दुपारपर्यंत गुडघा उभा करते, बाबा."

"नको," बाबा जरा घाईनं म्हणाले. "सगळे कशाला? दोनचार पुरेत. उरलेले राहू देत."

माझे डोळे भरून आले. केवढं मोठं मन. स्वतःचा गुडघा गेला आणि माणूस मुलीला त्रास नको म्हणतोय. त्या क्षणी मी ठरवलं की बाराच्या बारा तुकडे आणायचे. विलीकेसा काकांसमोर माझ्या बाबांची मान खाली जाता कामा नये. ती जर गेली, तर ती माझ्या नजरेमुळे गेली असं आयुष्यभर ऐकावं लागेल, आणि ते बरोबरही असेल.

नऊ तुकडे माझ्याकडे असायला हवे होते. मोजले तर आठ. अक्षरांच्या कोपऱ्यातलं ते पान नव्हतं. ते घरातच कुठेतरी मिळेल म्हणून मी आधी सुभाषिणी आंटींकडे त्यांच्या फुलासाठी धावले. त्यांनी पाट रंगवून झाल्यावर फूल देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. मी कारण सांगितलं.

"म्हणजे तीन दिवस मी इलाइतिया भाऊंच्या गुडघ्याला उदबत्ती दाखवतेय?" आंटी म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "दुखायचा कमी झाला असेल, विचार त्यांना."

तोमासी आजोबांच्या कळ्यांसाठी शनिवारी उशीर झाला, ते झोपले होते. रविवारी सकाळी गेले तर ते चर्चचा कोट घालून पायरीवर बसलेले.

"आज देवाणघेवाण नाही. आज प्रभूचा वार."

"आजोबा, ही देवाणघेवाण नाही. हे परत करणं आहे."

आजोबा विचारात पडले. सरकारी माणसाला शब्द बदलून दिला की तो विचारात पडतोच, हे मी खिडकीतल्या बाईंकडून शिकले होते. "पावती?" त्यांनी विचारलं. पावतीच्या मागच्या बाजूवर मी हिरव्या रंगाच्या सहा छटा करून बघितल्या होत्या. आजोबांनी ती उलटसुलट पाहिली, चौथी छटा बरी आहे म्हणाले, आणि दोन्ही कळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

अकरा. बारावा तुकडा कुठेही नव्हता. पलंगाखाली नाही, केराच्या डब्यात नाही, माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात नाही. चर्चमध्ये मी त्या पानासाठी इतकी मनापासून प्रार्थना केली की आई माझ्याकडे वळून बघायला लागली.

घरी आल्यावर मी बैठकीच्या खिडकीवर गुडघा लावायला घेतला. आमच्या खिडक्यांना आडव्या काचेच्या पट्ट्या आहेत, दांडा ओढला की सगळ्या एकदम उघडतात. त्यांच्यावर मी एकेक तुकडा टेपनं चिकटवत गेले. बाहेरचं ऊन आत आलं आणि बाबांचा गुडघा पेटला. चाफ्याच्या फुलांएवढी भोकं होती त्यात, सगळीकडे रंगाचे शिंतोडे होते, पण हाडामधली ती चीर स्पष्ट दिसत होती, एका फुलातून निघून दुसऱ्या कळीपर्यंत गेलेली. उजवा कोपरा तेवढा रिकामा. खरं सांगते, मी आजवर केलेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं, आणि ते मी करायलाच नको होतं.

काका आले तेच दारातून ओरडत. "या घरात घाबरट कुणी राहतो का?" त्यांनी बाबांना मिठी मारली, वाळत घातलेला बाबांचा नवा शर्ट दोरीवरून काढून अंगात घातला, आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले. बाबा हसत होते, पण खिडकीकडे बघत नव्हते. परसातली भट्टी उकरून आईनं पानांत गुंडाळलेली कोंबडी आणि दालोचे कंद बाहेर काढले. काकांनी तिघांचं जेवण एकट्यानं संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हं. आण तुझा गुडघा."

"समोरच आहे," बाबा म्हणाले.

काका खिडकीपाशी गेले. एकेका तुकड्यापाशी वाकले. मग, "याला फुलं आली आहेत," म्हणाले.

"मुलीला नजर आहे," बाबा म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

काकांनी खिडकीचा दांडा धरून हळूच ओढला. काचा फिरल्या. बाबांचा गुडघा वाकला. काकांनी दांडा सोडला, गुडघा सरळ झाला.

"वाकतोय की चांगला," काका म्हणाले. "याच्यावर तू मैदान सोडलंस?"

आई हसून हसून खांबाला टेकली. बाबाही हसले, पण उशिरा.

"चीर आहे," काका नाक काचेला लावून म्हणाले. "ते मी मानतो. पण इलाइतिया, मी ब्रिस्बेनला इस्पितळात सिक्युरिटीला आहे, अकरा वर्षं. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात नाव असतं आणि तारीख असते. तुझा कोपराच कुठाय?"

"उनानं हरवला," बाबा म्हणाले.

"किती सोयीचं."

म्हणजे ती कंपनीची अक्षरं नव्हती. ती तारीख होती, सप्टेंबरचा तिसरा शनिवार होता, बाबांचा एकमेव साक्षीदार होता, आणि मी त्याच्यातून पान कापलं होतं.

"उना, काकांसाठी कोरा सुलू आण गं तुझ्या ड्रॉवरमधून," आई विषय बदलत म्हणाली. "शर्ट गेलाच आहे, कमरेला गुंडाळायला जोडी तरी होऊ दे."

तिसरा खण अडकला होता. तो पहिल्या दिवसापासूनच अडकत होता. मी समजत होते, रंग ओला आहे म्हणून. मी पाय लावून ओढला. खण पूर्णच बाहेर आला, मी सुलूंसकट जमिनीवर पडले, आणि खणाच्या मागच्या फळीला चिकटलेलं मला ते दिसलं. पान. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी ते सोलून काढलं. एवढा आनंद मला स्पर्धेच्या बक्षिसाचाही झाला नव्हता. पळत सुटणार होते, पण अक्षरांवर पांढरा रंग वाळला होता. काकांना नीट दिसायला हवं म्हणून मी तो नखानं खरवडला. आधी बाबांचं नाव आलं. मग साल, तेच, बरोबर. मग तारीख. नऊ. मग महिना.

नोव्हेंबर.

मी पुन्हा खरवडलं. नोव्हेंबरच होता. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये शाळांची रग्बी नसते. नोव्हेंबरमध्ये आंबे असतात, आणि झाडावरून पडणारी पोरं. आणि माझे बाबा आंब्याच्या झाडाखाली उभे राहत नाहीत. या क्वार्टर्समध्ये राहायला आलो तेव्हा अंगणातल्या आंब्याची एक फांदी त्यांनी नऊ नंबरचा फॉर्म भरून छाटून घेतली होती. कारण विचारलं तर पाल्यानं शिंका येतात म्हणाले होते.

मी जमिनीवर बसून राहिले. अंगठा. आयुष्यभर उजव्या कोपऱ्यावर ठेवलेला तो अंगठा. "सगळे कशाला, दोनचार पुरेत." आणि मला वाटलं होतं, केवढं मोठं मन.

बाहेरून काकांचा आवाज आला, "सुलू विणायला गेली का पोरगी?"

मी पान स्कर्टच्या खिशात टाकलं, सुलू घेतला आणि बाहेर गेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा खिडकीशी उभे होते. त्यांचा अंगठा सवयीनं त्या रिकाम्या कोपऱ्यावर जाऊन थांबला होता, काचेवर.

"सापडला का कोपरा?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सापडणारही नाही, काका. धुताना फाटला, मीच फेकून दिला. तारीख होती त्यावर, सप्टेंबरची. मी वाचली होती. माझा गाढवपणा."

देवाच्या वारी, चर्चच्या कपड्यांत. तोमासी आजोबांनी याची पावती मागितली असती तर मी दिली असती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही रंगात काढू शकले नसते.

"ठीक आहे," काका शेवटी म्हणाले, आणि खुर्चीत धपकन बसले. "सत्तावीस वर्षं फुकट गेली माझी. गुडघाच होता." मग लगेच उठले. "पण आता हा मी घेऊन जाणार. उत्सवात दाखवायला पाहिजे सगळ्यांना."

तौवूला नाही म्हणता येत नाही. काकांनी अकराही तुकडे काचांवरून सोलले आणि बाबांच्याच शर्टाच्या खिशात ठेवले. नंतर कळलं की उत्सवात त्यांनी ती गोष्ट मंचावरून सांगितली. त्यांच्या सांगण्यात फ्रिज दोन होते, आणि बाबा मोडक्या गुडघ्यानं दहा हात धावले होते. बाबा खाली बसून "असं नव्हतं रे, असं नव्हतं" म्हणत होते, आणि लोक म्हणत होते, बघा, किती नम्र माणूस.

त्यानंतर आमच्याकडे पाहुणे येतात, चहा पितात आणि जातात. पाकीट कुणी मागवत नाही.

पुढच्या सोमवारी बाबा ऑफिसमधून सायीच्या रंगाचा डबा घेऊन आले. "आमच्या खोलीतलं कपाटही तसलंच काळं आहे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "साफ करतेस का?"

मी ते तीन दिवस साफ केलं. फुलं मावशीनं बोटीनं पाठवलेल्या फिल्ममधून उमटवली, बहुतेक पाद्रीबाबांचीच असावीत. पण उजव्या दाराच्या आत, बाबांचे शर्ट टांगतात तिथे, मी माझ्या खिशातल्या तुकड्यानं एकच हिरवं पान छापलं. तुकडा धुतला, पुसला, बाबांच्या रुमालांच्या घडीखाली ठेवला, आणि कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडून पाहिलं. तुकडा नव्हता. रंग अजून ओला होता, तो आमच्याकडे ओलाच असतो, आणि त्या पानाच्या बरोबर मधोमध एक अंगठा उमटला होता, मोठा, घट्ट दाबलेला.

पालीच्या पावलांसारखाच तोही मी तसाच ठेवला.